दोन दोऱ्यांचा ओळंबा

या जगात पूर्ण सरळ अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे आमच्या मिस्त्री चाचांची नजर, असं स्वतः मिस्त्री चाचांचं ठाम मत होतं. बाकी सगळं थोडंफार वाकडंच. आलापल्लीचा बसस्टँड वाकडा, शाळेची कमान वाकडी, चौकातला विजेचा खांब वाकडा, आणि माणसांचं तर विचारूच नका. माझं याच चौकात चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी मी ते उघडलं तेव्हा, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारा म्हणून सरळ-वाकड्यातलं मलाही थोडं कळतं अशी माझी समजूत होती. ती चाचांनी पहिल्याच भेटीत काढून टाकली. दुकान नवीन होतं. एक उंच, सडपातळ माणूस दारात येऊन उभा राहिला. पायजम्यावर लाकडाचा भुसा, उजव्या कानावर सुतारकामाची लाल चपटी पेन्सिल. आत न येता त्याने डावा डोळा मिटला, मान जराशी कलती केली आणि माझ्या दाराकडे असं पाहिलं, की मला उगाचच शरम वाटायला लागली. मग म्हणाला, "भाऊ, हे दार कोनं बसवलं? लोकं तुमच्याकडं नजर सरळ कराले येतीन, अन् दारच दारू पिऊन उभं हाय." आठ दिवसांत त्यांनी ते दार उचकटून नेलं आणि सागवानाच्या चौकटीत नवं बसवून दिलं. मी मागितलं नव्हतं. पण वाकडं दार रोज जाता-येता पाहणं त्यांना सोसत नव्हतं.

दार बसवून झाल्यावर त्यांनी ते अर्धं उघडलं आणि सोडून दिलं. दार तिथंच उभं राहिलं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा एखादा बाप मुलाचा पहिला नंबर आल्यावर शेजाऱ्यांकडे पाहतो. "दार म्हंजे कसं पायजे," ते म्हणाले, "जिथं सोडलं तिथं उभं राह्यलं पायजे. आपल्या मनानं उघडलं, आपल्या मनानं लागलं, त्याले दार नाई म्हणत." ही त्यांची परीक्षा. चौकट केसभर जरी कलली असली तरी दार हळूच एका बाजूला सरकतं, आणि ते सरकू लागलं की चाचा तीन दिवस कुणाशी बोलत नसत. गंमत म्हणजे हे सगळं ते ओळंब्याशिवाय करत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. ते टांगलं की दोरी सरळ खाली लोंबते आणि भिंत किंवा चौकट उभी आहे की कललेली ते कळतं. गवंडी वापरतात, सुतार वापरतात, सगळे वापरतात. चाचांनी तो आयुष्यात वापरला नाही, असं ते स्वतः सांगत आणि सगळं गाव मान डोलावत असे. "ओळंबा आंधळ्याची काठी होय," असं ते म्हणत आणि ज्या सुताराच्या हातात ओळंबा दिसेल त्याला रस्त्यातच थांबवून हे ऐकवत. बिचारे सुतार त्यांना पाहिलं की ओळंबा पिशवीत घालायचे.

सरळपणाची ही आवड लाकडापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण चाचा कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. माझ्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता त्यांनी किमान शंभर वेळा तरी सरळ केला असेल. एकदा एका पेशंटची तपासणी चालू असतानाच हे उठले आणि तक्त्याचा कोपरा वर उचलून आले. तो पेशंट म्हणाला, अक्षरं हलली, आणि मी पाव नंबर जास्त देऊन बसलो. लेकीला, नसीमाला, पाहायला कुरखेड्याहून पाहुणे आले तेव्हा चाचांनी मुलाला नोकरी विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. उभं राहायला सांगितलं. डावा डोळा मिटला. घरातली सगळी मंडळी श्वास रोखून उभी. "डावा खांदा पाव इंच खाली हाय," चाचा शेवटी म्हणाले, "पण लाकूड चांगलं हाय." लग्न ठरलं. जावई पुढे कितीतरी वर्षं सासऱ्यासमोर डावा खांदा उचलून बसत असे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्लायवूडला ते पापड म्हणत. सागवानाची फळी कापली की आधी तिचा वास घेत, नंतर अंगठा फिरवत, आणि मगच पेन्सिल काढत. त्या पेन्सिलीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती त्यांच्या कानावर जन्मतःच होती अशी गावातल्या निम्म्या लोकांची समजूत आहे. ती पेन्सिल लावून ते जेवत, बाजारात जात, ईदच्या नमाजाला जाताना चाचीने हात धरला तरच काढून ठेवत. केस कापणारा उजव्या कानाजवळ आला की पेन्सिल काढत नसे, भोवतीनं कात्री फिरवत असे. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं दार त्यांनीच केलेलं. त्याच्या उद्घाटनाला मंडळींनी त्यांचा सत्कार केला, तर फोटोत गळ्यात हार, हातात नारळ आणि कानावर पेन्सिल. मापं लिहायला त्यांना कागद कधीच लागला नाही. फळीवर, तळहातावर, आणि घरी असले तर भिंतीवर. चाचीच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीवर अर्ध्या आलापल्लीची दारं-खिडक्या लिहिलेल्या होत्या. दिवाळीत सगळं गाव रंगरंगोटी करतं म्हणून चाचीनंही एकदा हौसेनं ती भिंत रंगवली, तेव्हा चाचा दोन दिवस जेवले नाहीत. "माहे वीस सालं पुसले तिनं," असं ते मला दुकानात येऊन सांगत होते, डोळ्यांत पाणी आणून.

चाचांना मोतीबिंदू होतो आहे हे मला त्यांच्या आधी वर्षभर कळलं होतं. त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या मते बिघाड सागवानात होता. "आजकालच्या लाकडाले रेषाच राह्यल्या नाई भाऊ," ते म्हणायचे, "पह्यले कशी नदीवानी धार दिसे. आता सब धुकं धुकं." मग त्यांनी ट्यूबलाइटला दोष दिला, मग भुशाला, मग चाचीच्या हातच्या मिरचीला. शेवटी एका फळीवर करवत चालवताना रेघ सोडून बोटभर बाजूला गेली आणि ती फळी त्यांनी स्वतःच उचलून माझ्या दुकानात आणून ठेवली. मी म्हणालो, "चाचा, चंद्रपूरला जाऊ." ते म्हणाले, "चला."

आष्टी, गोंडपिंपरी, बल्लारपूर करत बसनं आम्ही चंद्रपूरला गेलो. सगळ्या रस्त्याने चाचा बसच्या खिडकीची चौकट कशी निखळली आहे ते कंडक्टरला समजावून सांगत होते. डॉक्टर भले होते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा, आत भिंग बसवायचं, हे त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की साधं भिंग बसवायचं की तुमचा तिरपा नंबरही त्यातच जाईल असं खास बसवायचं? चाचांनी ताबडतोब उत्तर दिलं, "साधंच टाका साहेब. लाकूड चांगलं असलं की नक्षी लागत नाई." डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, चाचांनी पुन्हा नक्षी नाकारली, आणि सही करून मोकळे झाले. मी तेव्हा बाहेर चहा पीत होतो, हे सगळं मला नंतर कळलं. तो चहा मला अजून आठवतो. मी आत असतो तर चाचांना त्यांच्या भाषेत सांगितलं असतं, की ही नक्षी नव्हे.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाली तेव्हा चाचा लहान पोरासारखे खूश झाले. पांढरा रंग इतका पांढरा असतो हे ते विसरून गेले होते. पण चार दिवसांतच त्यांचा चेहरा उतरला, कारण गेल्या तीन वर्षांत स्वतः केलेली कामं त्यांना आता दिसू लागली होती. कुठं सांधा उघडा राहिलेला, कुठं बिजागरी तिरकी बसलेली, कुठं पटाशीचा ओरखडा. लोकांना त्यातलं काही दिसत नव्हतं, मला तर मुळीच नाही. चाचा मात्र काळा चष्मा लावून, हातात पॉलिश पेपर घेऊन घरोघर फिरू लागले. डॉक्टरांनी भुसा, धूळ, पाणी यांपासून डोळा जपायला सांगितला होता, म्हणून मी ओरडलो. चाचीनेही ओरडून पाहिलं. "याहिले सांगा ना भाऊ, मायं तर आयकतच नाई," असं म्हणून तिनं शेवटी पॉलिश पेपर पिठाच्या डब्यात लपवला. चाचा म्हणाले, "लोकाइनं तीन सालं मायं वाकडं काम घरात ठेवलं, एक शब्द बोलले नाई. मले लाज नाई वाटन का?"

महिना-दीड महिन्यानं डोळा स्थिरावला, जखम भरली, आणि डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला. त्यात तिरपा नंबर चांगलाच मोठा होता. आम्ही धंद्यात त्याला सिलिंडर म्हणतो. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नसला, एका बाजूनं जरा जास्त वळलेला असला, की एका दिशेच्या रेघा स्वच्छ दिसतात आणि दुसऱ्या दिशेच्या पुसट होतात, एकीच्या दोन होतात. मोतीबिंदू गेला तरी हा दोष जागेवर राहू शकतो. चाचांनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे अल्लामियाचा रंधा मायाच डोळ्यावर थोडा जास्त चालला." मी म्हणालो, असंच समजा. या नंबराची काच फ्रेममध्ये ठरलेल्या दिशेलाच बसवावी लागते. ती जराशी फिरली, किंवा चष्मा नाकावर कलला, की सगळा खेळ बिघडतो. मी ती काच बसवताना जेवढी काळजी घेतली तेवढी माझ्या स्वतःच्या चष्म्याचीही घेतली नसेल.

पहिले दहा दिवस नुसता गोंधळ. चाचांना माझ्या दुकानाची फरशी नालीकडे उतरलेली दिसायची, आणि ते पायऱ्या नसलेल्या ठिकाणी पाय उचलून टाकत चालायचे. मी सांगितलं, सवय होईल. झाली. दुकानात बसून ते तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचत, वर तक्ता सरळ नाही असं सांगत. मी खूश. पण दोन दिवसांनी परत यायचे. "घरी नाई दिसत भाऊ. इथी दिसते, तिथी नाई." मी पुन्हा तपासायचा. सगळं बरोबर. त्यांना पुन्हा खालची ओळ वाचायला लावायचा. सगळं बरोबर. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी चिडलो. मला कबूल करायला हवं की मी जरा तापट माणूस आहे आणि वाकडी झालेली फ्रेम पाहिली की गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही. पण इथं तर फ्रेमही सरळ होती. मी म्हणालो, "चाचा, डोळा ठीक, नंबर ठीक, काच ठीक. आता तुमच्या मनाचा नंबर मी कुठून काढू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. जाताना तक्ता सरळ केला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा ते परत आले. कानावरची पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली, कारण माझ्या दुकानात तपासणीला बसायचं म्हणजे साहेबासमोर बसल्यासारखं ते पेन्सिल काढून ठेवत. मग कुर्त्याच्या खिशातून काहीतरी काढलं आणि फडक्यातून सोडवून माझ्यासमोर ठेवलं. तो ओळंबा होता. पितळेचा, हाताच्या घामानं आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्यानं पार गुळगुळीत झालेला. दोरी नवी होती, पण तिच्या आधी कितीतरी दोऱ्या झिजल्या असणार हे कुणालाही कळलं असतं. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. चाचा खाली पाहत म्हणाले, "सगळे घरी गेले की लावून पायतो. रोज. चाळीस सालं झाले. चाचीशिवाय कोणालेच मालूम नाई. नजरेनं सरळ लावतोच मी, खोटं नाई बोलत. पण माणूस हाय ना. खात्री तर पायजे." मग म्हणाले, "आता दोरीच दोन दिसते. एक इकडं, एक तिकडं. भाऊ, खरी कोणती?"

त्यांनीच पुढं सांगितलं. नसीमाचं कुरखेड्याला घर बांधून होत आलं होतं. तिच्या दाराची चौकट आणि दार स्वतःच्या हातानं करून देईन, असा शब्द त्यांनी तिला तिच्या लग्नात दिला होता. त्यासाठी सागवान त्यांनी तेव्हाच निवडून ठेवलं होतं, इतकी वर्षं सावलीत सुकवलं होतं. आता तिकडं गवंडी भिंतीत जागा सोडून थांबला होता आणि इकडं चाचा रोज सकाळी त्या लाकडासमोर बसून संध्याकाळी तसेच उठत होते. "दुसऱ्या सुताराले देऊन टाकतो," ते म्हणाले. "पोरीच्या घराचं दार मी वाकडं नाई करणार." इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यांचं काम करतो आहे, पण नजर जाणं म्हणजे काय असतं ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आदल्या दिवशीचे माझे शब्द आठवून मला फार वाईट वाटलं.

मी त्यांना म्हणालो, "लाकूड कोणाला देऊ नका. उद्या मी घरी येतो." दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्या अंगणात एका स्टुलावर जाऊन बसलो आणि सांगितलं, तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता पाहतो. मी आलो म्हणून चाचांनी अदबीनं पेन्सिल कानावरून काढून ओट्यावर ठेवली आणि आडव्या वाशाला ओळंबा टांगला. "एकच दिसून राह्यली," ते आश्चर्यानं म्हणाले. मग कामाला लागले. फळी उचलली, डावा डोळा मिटून तिच्या धारेवरून नजर टाकली, टेप लावला, सवयीनं कानाकडे हात नेला, मग ओट्यावरची पेन्सिल घेतली, खूण केली, पेन्सिल कानावर ठेवली. आणि मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. पेन्सिल गेली होती चष्म्याच्या उजव्या दांडीखाली. जाड, चपटी, सुताराची पेन्सिल. तिनं दांडी वर उचलली होती आणि पूर्ण चष्मा चाचांच्या नाकावर कलला होता. "चाचा," मी ओरडलो, "आता दोरी पाहा." त्यांनी पाहिलं. "दोन." मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढली. "एक." लावली. "दोन." काढली. "एक." चाची दारात येऊन उभी राहिली होती, तिनं कपाळावर हात मारला. माझ्या दुकानात पेन्सिल अदबीनं काउंटरवर असायची, म्हणून तिथं सगळं स्वच्छ. घरी ती कानावर, म्हणून घरी सगळं दुहेरी. अख्ख्या तालुक्याचा वाकडेपणा एका नजरेत पकडणाऱ्या माणसाच्या नाकावर महिनाभर चष्मा वाकडा बसला होता, आणि तो त्यांना सोडून कुणालाही दिसला असता. मलासुद्धा दिसायला हवा होता. पण मी माझ्या खुर्चीतून उठलोच नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, झालं, पेन्सिल खिशात ठेवायची. आम्हीही तेच म्हणालो. चाचांनी आठ दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. त्यांचा हात दिवसातून शंभर वेळा कानाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा, आणि तो रिकामा परत आला की ते माप विसरायचे. खिशातल्या पेन्सिलीवर ते बसले आणि ती मोडली. चाचीनं पेन्सिल दोरीनं बांधून गळ्यात घातली, तर ती रंध्याखाली आली. डाव्या कानावर लावली, तर चष्मा दुसऱ्या बाजूनं कलला. शेवटी ते मला म्हणाले, "भाऊ, पेन्सिल कानावर नसली तर माप डोक्यात थांबतच नाई. डोळे घेऊन काय करू मंग?" यावर धंद्यातल्या पुस्तकात काहीच उत्तर नाही. मी रात्र... खरं म्हणजे मी एक पूर्ण दुपार विचार केला, आणि मग माझ्या धंद्याच्या सगळ्या शिकवणुकीविरुद्ध जाऊन एक काम केलं. चाचांना खुर्चीत बसवलं, कानावर त्यांची पेन्सिल ठेवायला लावली, आणि चष्म्याची उजवी दांडी गरम करून, थोडी थोडी वाकवत, पेन्सिल कानावर असताना चष्मा नाकावर अगदी सरळ बसेल अशी केली. दुकानाच्या दारात त्यांचाच ओळंबा टांगला होता. मी दांडी वाकवायची, त्यांनी दोरी पाहायची. "दोन... दोन... जवळ आल्या... आणखी थोडं... बस!" मग बराच वेळ ते त्या दोरीकडे पाहत बसले. "एक," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता, की मला तो ओठांवरून कळला.

अट एकच होती. पेन्सिल आता कायम कानावर हवी, नाहीतर चष्मा उलटा कलणार. इतका आज्ञाधारक पेशंट मला पुन्हा मिळाला नाही. ईदच्या दिवशी चाचीनं हात धरला तर ते रुबाबात म्हणाले, "डॉक्टरी हाय." बँकेत गेले, दवाखान्यात गेले, नातवाच्या शाळेत गेले, सगळीकडे पेन्सिल, आणि कुणी विचारलं तर "डोळ्याचं औषध हाय" असं शांतपणे सांगायचे. पेन्सिल लहान झाली की त्याच जाडीची नवी आणायचे आणि आधी माझ्याकडे येऊन ओळंब्यासमोर उभे राहायचे.

कुरखेड्याच्या घराचं दार बसवलं त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. गडचिरोलीला बस बदलून पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. अंगणात सगळं गाव जमलं होतं, जावई डावा खांदा उचलून उभा होता. चाचांनी चौकटीवर डावा डोळा मिटून नजर टाकली. मग खिशातून ओळंबा काढला आणि भर दुपारी, शंभर माणसांसमोर, चौकटीला टांगला. चाचीनं माझ्याकडे पाहिलं. चाचांनी दोरी पाहिली, पुन्हा पाहिली, ओळंबा गुंडाळून खिशात टाकला आणि नसीमाला बोलावलं. "उघड अन् अर्धं सोड." तिनं सोडलं. दार जिथं सोडलं तिथं उभं राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिथल्या कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. दार उभंच राहायचं असतं. चाचा मात्र माझा हात धरून बराच वेळ उभे होते.

त्यालाही आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. फार त्रास झाला नाही. परवा नसीमा माहेरी आली होती, ती दुकानात आली. पर्समधून चष्मा काढून काउंटरवर ठेवला. चष्मा एका बाजूला कलून, एक दांडी वर करून बसला. "काका," ती म्हणाली, "अब्बाचा चष्मा हाय. दांडी वाकडी झाली पाहा. अम्मी म्हणते, सरळ करून आण, डब्बीत नीट बसत नाई." सवयीनं माझा हात फ्रेमा गरम करायच्या हीटरकडे गेला. बटण दाबलंही. मग बंद केलं. मी तिला विचारलं, की पेन्सिल कुठं आहे? "शेवटच्या आंघोळीच्या आधी अम्मीनंच काढली कानावरून. कानावर खाच पडली होती काका. तेवढी तशीच राह्यली."

माझ्या ड्रॉवरमध्ये चाचांची एक जुनी पेन्सिल होती, कधीतरी दुकानात विसरून गेलेली. मी ती काढली आणि वर उचललेल्या दांडीखाली अलगद सरकवली. चष्मा काउंटरवर सरळ बसला, अगदी सरळ. नसीमा आधी हसली आणि मग तोंडावर ओढणी धरून रडली. "राहू द्या काका," ती म्हणाली, "असाच राहू द्या." तीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला वाकडी फ्रेम वाकडीच परत दिली. पेन्सिलही तिच्याच हातात ठेवली. जाताना तिनं घाईत दुकानाचं दार अर्धंच ओढलं. चाचांनी बसवलेलं ते दार तिनं सोडलं तिथंच उभं राहिलं, आणि मला ते लावायला उठावंसं वाटलं नाही.